शुक्रवारी या

माझी सगळी नोकरी लोकांच्या रक्तात गेली, असं मी म्हटलं की आमच्या अपार्टमेंटमधल्या बायका हसतात. पुढचं कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही, कारण पुढचं ऐकलं तर हातातला चहा हातातच राहील. नांदेडच्या एका सरकारी दवाखान्यात मी गुप्तरोगाच्या रक्ततपासणीचं काम केलं. त्याआधी काही वर्षं लातूरला, माझ्या माहेरगावी, तेच काम. या अंकाच्या संपादकांनी "ताई, नोकरीतलं काहीतरी लिहा" म्हणून गळ घातली तेव्हा मी त्यांना विषय सांगितला. मग म्हणाले, "लिहा, पण जरा सांभाळून." बरं बाबा, सांभाळून लिहिते. नावं सगळी बदलली आहेत. आमच्या खोलीला ती सवयच होती.

आमच्या खोलीवर पाटी नव्हती, नुसता आकडा होता. पण रिक्षावाल्यापासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक, आत काय चालतं ते. त्यामुळे येणारा माणूस तोंडाला रुमाल बांधून यायचा आणि नाव विचारलं की सुचेल ते सांगून टाकायचा. लातूरला एकदा बाजारपेठेतले एक दुकानदार आले, रक्त देऊन गेले. ठरल्या दिवशी मी बाहेर येऊन "गणपत शिंदे, गणपत शिंदे" असा घसा फोडला, पण कुणी उठेना. सगळे निघून गेले तरी बाकावर हे एकटे पेपर वाचत बसलेले. शेवटी जवळ जाऊन विचारलं, "मालक, तुम्ही नाव काय सांगितलं होतं, आठवतं का?" ते पेपरच्या आडूनच म्हणाले, "गडबडीत सांगितलं होतं हो ताई, ध्यानात नाही राहिलं." मी हसले नाही. हसायचं नाही, ही आमच्या कामातली पहिली शिकवण.

आता आजाराबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. पुस्तकात त्याला उपदंश म्हणतात, डॉक्टर सिफिलिस म्हणतात आणि आमच्याकडची जुनी माणसं गरमी म्हणतात. शरीरसंबंधातून येतो. आधी एक फोड येतो, तो दुखतही नाही. काही दिवसांनी आपोआप जातो आणि माणसाला वाटतं, सुटलो एकदाचा. सुटलेला नसतो. आजार रक्तात जाऊन गपचूप बसतो, वर्षानुवर्षं. नवऱ्याकडून बायकोकडे जातो आणि बायकोकडून तिच्या पोटातल्या लेकराकडे. लेकरू पोटातच जातं, नाहीतर जन्मून जातं, नाहीतर आजार घेऊन जगतं. आणि चीड येते ती याची, की याच्यावरचं औषध जुनं आणि साधं आहे. पेनिसिलिनचं इंजेक्शन. वेळेत कळलं तर बाई वाचते, लेकरू वाचतं. सगळा खेळ कळण्याचा आहे.

ते कळायचं कसं? आमच्याकडे पांढरं कार्ड असायचं, त्यावर गोल आखलेले. एकेका गोलात एकेकाच्या रक्ताचं वरचं पाणी घालायचं, त्यात कोळशाची बारीक पूड मिसळलेलं औषध टाकायचं आणि कार्ड फिरत्या यंत्रावर आठ मिनिटं ठेवायचं. नंतर उजेडात धरून बघायचं. गोल एकसारखा राखाडी राहिला तर रक्त साफ. दूध नासल्यावर होतात तशा काळ्या गाठी झाल्या तर दोष. गाठी ठसठशीत असतील तर कुणालाही दिसतील, पण बारीक गाठ बघायला नजर लागते. ती नजर आमच्या अप्पांची होती.

अप्पा उदगीरचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि बोलणं असं तोलूनमापून की जणू शब्दाला परवानगी लागते. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठे. कार्ड हातात असलं की साहेब आला तरी मान वर करायचे नाहीत. त्यांची एक पद्धत होती, खरं तर सगळ्या खात्याचीच: कार्ड मंगळवारी आणि शुक्रवारीच लावायचं. कारण प्रत्येक वेळी औषध फ्रिजमधून काढून खोलीच्या उबेला येऊ द्यावं लागतं, आणि सोबत खात्रीची दोन रक्तं लावावी लागतात, एक नक्की दोषाचं नि एक नक्की साफ, म्हणजे औषध बिघडलेलं नाही हे कळतं. एकट्या रक्तासाठी एवढा घाट घालणं वायफळ. म्हणून रक्तं साठवायची आणि वार आला की एकदम लावायची.

त्यामुळे माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य कुठलं, तर "कधी येऊ?" रक्त दिलं की बाई पदर सारखा करत विचारायची, "कधी येऊ, ताई?" आणि मी म्हणायचे, "शुक्रवारी या." काही यायच्या. पण लोह्याच्या, कंधारच्या, मुदखेडच्या पलीकडच्या बायकांना शुक्रवार कुठला परवडायला? रोजगार बुडवायचा, सासूला कारण सांगायचं, जीपमध्ये कोंबून घ्यायचं. न नेलेले रिपोर्ट एका ट्रेमध्ये पडून राहायचे. त्यांतल्या काहींवर दोष लिहिलेला असायचा. आम्ही गावच्या नर्सताईला निरोप धाडायचो, पण नाव खोटं, गाव अर्धवट. कुणाला धाडणार निरोप? त्या ट्रेकडे मी बघत नसे. बघितलं की घरी जाऊन जेवण जात नसे.

मग पट्ट्या आल्या. बोटाच्या टोकाला सुई टोचायची, एक थेंब पट्टीवर घ्यायचा, वर औषधाचे थेंब, आणि पंधरा मिनिटांत उत्तर. एक रेघ आली तर पट्टी चालू आहे एवढंच. दोन रेघा आल्या तर दोष. ना यंत्र, ना फ्रिज, ना मंगळवार. पण बाजारात असल्या पट्ट्या ढीगभर, आणि पाकिटावर तर सगळेच स्वतःला राजे म्हणवतात. खरी कुठली, खोटी कुठली, हे ठरवायला आमच्या विभागाकडे परीक्षा आली. ज्या बाईचं रक्त अप्पांच्या कार्डासाठी घ्यायचं, तिच्याच थेंबाची मी पट्टी लावायची. शेवटी दोघांचं जुळतं का बघायचं.

या परीक्षेचा एक कडक नियम होता. मी पट्टीवर काय पाहिलं ते अप्पांना कळता कामा नये, आणि अप्पांनी कार्डावर काय पाहिलं ते मला. कारण माणसाची नजर लबाड असते. शेजारच्याला गाठ दिसली असं ऐकलं की आपल्यालाही दिसायला लागते. आणि दुसरा नियम असा, की पट्टीचं उत्तर बाईला सांगायचं नाही. पट्टी अजून पास झालेली नाही. जी स्वतः परीक्षेला बसली आहे तिच्या भरवशावर कुणाच्या घरात वणवा लावायचा नाही. नियम मला पटला होता. आजही पटतो. पण पटलेला नियमही कधीकधी गळ्याशी येतो.

दसरा नुकताच झाला होता आणि वार होता बुधवार. दुपारच्या आधी एक सासू-सून आल्या. सुनेला मी इथे सुरेखा म्हणते. बावीस-तेवीसची असेल, पाचवा महिना, अंगावर मांस नाही, डोळे मात्र पाणीदार. गावच्या नर्सताईने चिठ्ठी देऊन पाठवलं होतं: आधीची दोन लेकरं गेलेली, एक सातव्या महिन्यात पोटातच, दुसरं जन्मून दोन दिवसांनी. रक्त बघावे.

सासू दाराशीच उभी राहून म्हणाली, "ताई, जल्दी करा की. लोह्याला मुकादमाची गाडी भरायलीय. सांजच्याला निघायचंय आमाला."

"कुठं निघालात?"

"कारखान्याला. ऊस तोडायला जायलोत. आता गुढीपाडव्यालाच येऊ माघारी."

मी सुरेखाचं रक्त घेतलं, बोटाचा थेंब पट्टीवर घेतला. ती बोट कापसाने दाबून धरत म्हणाली, "कधी येऊ, ताई?"

शब्द माझ्या जिभेवर तयार होता. पण शुक्रवारी ती दुसऱ्या जिल्ह्यात उसाच्या फडात असणार होती. मी म्हटलं, "बाहेर बाकावर बस जरा." आणि आत येऊन पट्टीकडे बघितलं. वेळ भरायच्या आधीच दुसरी रेघ उमटली होती. फिकी नाही, लालभडक. कुंकवाचं बोट ओढावं तशी.

मी खुर्चीत बसले. दोन लेकरं अशी गेलेली आणि तिसरं पोटात आहे. आज इंजेक्शन मिळालं तर ते वाचायची आशा. नाही मिळालं, तर पाडव्याला ही रिकाम्या हाताने येईल, नाहीतर येणारच नाही. आणि मला तोंड उघडायची बंदी. शिवाय पट्टी खोटीही असू शकत होती. आम्ही परीक्षा घेत होतो ते त्याचसाठी ना!

मी विभागप्रमुखांकडे गेले. सर भले माणूस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, पट्टीवरून सांगता येणार नाही. कार्डावर दोष आला तर लगेच इंजेक्शन देऊ."

"कार्ड शुक्रवारी लागतं, सर."

"मग अप्पांना सांगा, तिचं एकटीचं आज लावा."

असं म्हणाले आणि स्वतःच थांबले. एकटीचं लावा म्हटलं की अप्पांना कळलंच, पट्टीत काय आलं ते. मग त्यांची नजर ती गाठ शोधतच कार्डावर जाणार.

"सर," मी म्हटलं, "सगळ्यांचंच लावायला सांगते. आज आलेल्या सगळ्या बायकांचं. म्हणजे कुणासाठी लावलं ते कळणार नाही."

"अप्पा ऐकतील?"

"बघते."

अप्पा नळ्यांवर चिठ्ठ्या डकवत होते. मी म्हटलं, "अप्पा, आजची सगळी रक्तं आजच लावायची आहेत. सरांनी सांगितलंय."

"बुधवार हाय," अप्पा म्हणाले.

"ठाऊक आहे मला बुधवार आहे."

अप्पांनी चिठ्ठी नीट डकवली, मग माझ्या तोंडाकडे एकदाच पाहिलं. मी तोंड दगडासारखं केलं, पण इतकी वर्षं शेजारी बसलेल्या माणसापासून काय लपणार? त्यांनी लगेच मान फिरवली. भिंतीकडे बघत म्हणाले, "अय्यो, ताई. कोणाचं ते सांगू नका. तुम्ही बाहेर जावा. दार लावून घ्या. आणि मला घाई करू नका." मग जाऊन फ्रिज उघडला.

मी दार लावून घेतलं. बाहेर सासू येरझारा घालत होती. "झालं का? गाडी जाईल ना आमची!" मी म्हटलं, "आत्या, अजून थोडं राहिलंय, चहा प्या." ती म्हणे, "चहा प्यायला आलो का हितं? पोरगा गेटाला उभा हाय कवाचा." औषध उबेला यायचं, रक्ताचं पाणी वेगळं व्हायचं, मग कार्ड फिरायचं. आतून यंत्राची घरघर सुरू झाली तेव्हा मी भिंतीला टेकले होते. सुरेखा मात्र शांत बसली होती. मध्येच म्हणाली, "ताई, हे बी जाईल का?" पोटावर हात होता. मला खरं बोलायची परवानगी नव्हती आणि खोटं बोलवत नव्हतं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले, एवढंच.

तेव्हा त्या घरघरीत बसून माझ्या मनात आलं: हे यंत्र फिरतं आठ मिनिटं. रक्त घेतल्यापासून सगळं धरलं तरी तास-सव्वा तास. आम्ही पट्टीची परीक्षा करत होतो, कारण जुनी तपासणी सावकाश. पण तपासणी कुठं सावकाश होती? मंगळवार-शुक्रवार आमचा होता. बिचाऱ्या कार्डाला कुणी वार विचारला नव्हता. मला इतका राग आला की काय सांगू. कुणाचा, ते कळेना. राग घेऊन बसून राहिले.

अप्पा बाहेर आले. कागद घेऊन माझ्यासमोरून सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेले, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. थोड्या वेळाने आतून हाक आली, "सुरेखा कोण? नवऱ्यालाही बोलवा."

म्हणजे गाठी होत्या. सुटल्याचं वाटलं आणि लगेच लाजही वाटली, कुणाच्या रक्तात दोष निघाला म्हणून का कुणी सुटकेचा श्वास टाकतं? पण आता बोलता येणार होतं.

नवऱ्याला बोलवायचीही आमची एक रीत होती. दोष आधी बाईचा निघाला असं कधी म्हणायचं नाही. सासरी आयुष्यभर तेच ऐकावं लागतं तिला. आम्ही म्हणायचो, गरोदर बाईच्या नवऱ्याचंही रक्त बघायचा नियम आहे. मी तेच सांगितलं. सासू उसळली, "त्येचं कामून? पोट हिचं हाय."

"पोट हिचं, पण लेकरू दोघांचं आहे ना, आत्या?"

ती गेटाकडे जाऊन पोराला घेऊन आली. त्याला मी इथे बालाजी म्हणते. दणकट अंगाचा, पायात टायरची चप्पल, डोक्याला उपरणं. रक्त देताना तोंड फिरवून बसला. अप्पांनी पुन्हा यंत्र सुरू केलं. बालाजीच्याही गोलात गाठी आल्या. डॉक्टरांनी सासूला बाहेर बसवून दोघांना आत घेतलं, मला तिथेच थांबवलं. सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. बालाजी जमिनीकडे बघत ऐकत होता. मग अगदी हळू म्हणाला, "लग्नाच्या आदी, साहेब. ट्रकवर होतो. एकदा फोड आला होता. गेला मनून सोडून देल्लं."

मग त्याने मान वर केली आणि डॉक्टरांना सोडून माझ्याकडे बघून विचारलं, "मंजी ती दोन लेकरं... माझ्यामुळं गेली का, ताई?"

मी म्हटलं, "आजारामुळे गेली. आता हे राहील असं बघू." सुरेखा त्याच्याकडे बघत होती. त्या नजरेत राग होता का, ते मला सांगता येणार नाही. ती पुढे झाली, बाही वर करून म्हणाली, "द्या सुई."

सुई दंडात नसते ती. पेनिसिलिन दुधासारखं घट्ट, सुई जाड, कुल्ल्यात द्यायचं, आणि आधी कातडीखाली थेंब देऊन सोसतं का ते बघायचं. दुखतं म्हणजे जीव जातो. सुरेखाने 'आई गं'सुद्धा म्हटलं नाही. बालाजी मात्र ओरडला. मुकादमाचा फोन सारखा वाजत होता. शेवटी त्याने फोन घेऊन सांगितलं, "येत न्हाई अजून. गाडी थांबवा, न्हाईतर जावा." सासूने हे ऐकून तोंडात पदर घातला. अशी तीन इंजेक्शनं आठवड्याच्या अंतराने हवी होती. उरलेली दोन कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात घ्या म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. सुरेखाने ती घडी करून पोलक्यात ठेवली. लंगडत लंगडत रिक्षात चढली. मुकादम थांबला होता, हे मला फार नंतर कळलं.

पुढे थंडी सरली, हरभरा निघाला, अर्धापूरची केळी नेहमीसारखी गाडीवर आली. आमची परीक्षा चालूच होती. गरोदर बायकांची रक्तं मात्र आता आलेल्या दिवशीच लागत होती. सरांनी तसा हुकूमच काढला. अप्पा कुरकुरत, "आता काय, मंगळवार बी गेला, शुक्रवार बी गेला. उपास तेवढा सोमवारचा राह्यला." पण लावायचे. न नेलेल्या रिपोर्टांचा ट्रे हळूहळू रिकामा पडायला लागला. आमची पट्टी कार्डाशी बहुतेक वेळा जुळायची, पण कधी पट्टी रेघ दाखवायची आणि कार्ड साफ म्हणायचं. आधी आम्हाला वाटलं, पट्टी खोटं बोलते. मग कळलं, ती खोटं बोलत नाही. ज्याला एकदा आजार झाला आणि बरा झाला, त्याच्याही रक्तात ती रेघ जन्मभर येते. पट्टी सांगते, कधीतरी होता. कार्ड सांगतं, आता आहे का. हे माझ्या ध्यानात पक्कं बसलं.

पाडव्यानंतर लगेचच, बाहेर ऊन कडक, आणि दारात सुरेखा उभी. कडेला सासू. सासूच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं लेकरू. मला आनंदाने हाकही मारता आली नाही, कारण सुरेखाचं तोंड मेल्यासारखं झालं होतं.

"जगलं गं बाई!" मी म्हटलं.

"जगलं," ती म्हणाली. "पर त्येला बी हाय मन्ले."

तिने उरलेली दोन्ही इंजेक्शनं घेतली होती, बालाजीनेही. लेकरू तिकडच्याच दवाखान्यात झालं, मुलगी, चांगली रडली. नंतर फडाजवळ कुणीतरी शिबिर भरवलं. तिथे आमच्यासारखीच पट्टी होती. कुणा उत्साही माणसाने आईची चिठ्ठी बघितली आणि बाळाच्या टाचेला सुई टोचून थेंब पट्टीवर घेतला. दुसरी रेघ आली. "बाळाला पण आहे," म्हणून सांगून ते मोकळे झाले. पट्टी बाळावर चालत नाही, हे त्यांना ठाऊक नसावं. आईच्या रक्तातलं संरक्षण नाळेतून बाळात उतरतं आणि पट्टी तेच पकडते. रेघ आईचीच असते, लेकराच्या रक्तात दिसते.

सासू म्हणाली, "बारसं केलं न्हाई आजून. दोन गेले, हे बी जाणार आसंल तर नाव ठिऊन काय करावं, ताई? नाव ठिवलं की माया लागती." हे ती रागाने बोलली नाही. बोलता बोलता फडक्यावरून हात फिरवत होती.

मी बाळाचं रक्त घेतलं. इवलीशी टाच, त्यावर जुन्या सुईची खूण. नळीवर चिठ्ठी लावायची तर नावाची जागा रिकामी. मी लिहिलं, "सुरेखाचे बाळ." आईचंही रक्त घेतलं. सुरेखा पदर सारखा करत म्हणाली, "कधी येऊ, ताई?"

"कुठं जाऊ नकोस. इथंच बस."

या वेळी परीक्षा नव्हती, लपवायला काही नव्हतं. मी अप्पांच्या शेजारी उभी राहिले. यंत्र फिरू लागलं. त्या आठ मिनिटांत अप्पा विभूतीच्या कपाळाला हात लावून काहीतरी पुटपुटत होते. मी त्यांना इतक्या वर्षांत कामाच्या टेबलाशी देवाचं नाव घेताना पाहिलं नव्हतं. यंत्र थांबलं. त्यांनी कार्ड उचललं, उजेडात धरलं, डावीकडे कलवलं, उजवीकडे कलवलं. आईच्या गोलात बारीकशी, विरत चाललेली गाठ. आधीपेक्षा कितीतरी कमी. बाळाचा गोल राखाडी, एकसारखा, सपाट. अप्पांनी पुन्हा बघितलं. मग कार्ड माझ्या हातात दिलं आणि तोंड फिरवून चष्मा पुसत बसले.

मी कार्ड घेऊन बाहेर गेले. सासूला म्हटलं, "आत्या, हे बघा. हा हिचा गोल. काही दिसतं का यात?"

"काईच न्हाई."

"काहीच नाही. साफ आहे. पुन्हा दोन-तीनदा आणून दाखवा, डॉक्टर सांगतील तेव्हा. पण आता साफ आहे."

सासू खाली बसली. भुईवरच बसली आणि रडायला लागली, मोठ्याने, लाज न बाळगता. बाकावरच्या रुमाल बांधलेल्या पुरुषांनी माना खाली घातल्या. सुरेखा रडली नाही. तिने लेकरू सासूच्या हातातून घेतलं आणि मला म्हणाली, "ताई, मग त्या नळीवर नाव लिवा."

"काय लिहू?"

तिने सासूकडे बघितलं. सासू डोळे पुसत म्हणाली, "आसं कुठं आसतंय गं? आत्यानं कानात सांगावं लागतं. आत्या हाय का हितं?" मग तिने माझ्याकडे पाहिलं. सुरेखानेही पाहिलं. मी कायम 'आत्या, आत्या' म्हणत आले होते सासूला, आणि आता पाळी माझ्यावर आली. मी हातमोजे काढले, हात धुतले. सासूने नाव माझ्या कानात सांगितलं. मी वाकले, त्या पोरीच्या इवल्या कानाशी तोंड नेलं, 'कुर्रर्र' केलं आणि नाव घेतलं. आतून अप्पांनी टाळी वाजवली, एकच.

आमच्या खोलीत आयुष्यभर लोक खोटी नावं सांगत आले. खरं नाव पहिल्यांदाच तिथे घेतलं गेलं, तेही मीच घेतलं. ते नाव मी इथे बदलून लिहू शकले असते, जशी बाकीची लिहिली. पण त्या पोरीचं नाव बदलायला माझा हात धजेना, म्हणून लिहिलंच नाही.